गोदाघाटाचा पॉइंट क्लाउड : कचरा जावा, दगड राहावा

नाशिकला गोदावरीकाठचा रामकुंडापासून नारोशंकराच्या देवळापर्यंतचा घाट तिपाईवरच्या लेझर स्कॅनरने मोजला की हाती येणाऱ्या बिंदूंच्या ढगात, म्हणजे पॉइंट क्लाउडमध्ये, नुसता दगड नसतो. आंघोळीला उतरलेले भाविक, कबुतरं, फडफडणारे ध्वज, पाण्याखाली उलटं दिसणारं देऊळ आणि कडांच्या मागे हवेत लटकलेल्या बिंदूंच्या झालरी असं बरंच काही त्यात येतं. छेद काढायचे असोत की थ्रीडी मॉडेल करायचं असो, हा कचरा काढावाच लागतो. बहुतेकजण सगळी स्टेशनं (तिपाईच्या एकेका जागेवरून केलेले स्कॅन) एकत्र करतात, त्यावर एकदा एसओआर (स्टॅटिस्टिकल आउटलायर रिमूव्हल, एकटे पडलेले बिंदू हुडकणारा) फिल्टर चालवतात आणि मोकळे होतात. त्यात माणसं जिथल्या तिथे उभी राहतात आणि शिखराचा वरचा भाग मात्र विरळ होतो. असं का होतं आणि घाटासारख्या जागेच्या कामात आम्ही कोणत्या क्रमाने चाळण्या लावतो, ते इथे मांडतो आहोत.

आधी खोटा नॉइज

चाळणी लावण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. दिसतात नॉइजसारख्या (मोजणीतून येणाऱ्या विखुरलेल्या चुकीच्या बिंदूंसारख्या), पण मोजणीशी त्यांचा संबंध नसतो. त्यामुळे कुठल्याही फिल्टरने त्या जातही नाहीत.

पहिली गोष्ट कोऑर्डिनेट्सची. नाशिक यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या जागतिक नकाशा-पद्धतीच्या, झोन ४३ मध्ये येतं. रामकुंडाच्या आसपास नॉर्दिंग (उत्तरेकडचा आकडा) साधारण २२ लाख १२ हजार मीटर भरतं, ईस्टिंग (पूर्वेकडचा) ३ लाख ७३ हजार. बरीच सॉफ्टवेअर बिंदू ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (ठरावीकच अंक मावणाऱ्या दशांश संख्येत) साठवतात. २२ लाखांच्या घरात अशा फ्लोटच्या दोन लागोपाठच्या किमतींमध्ये २५ सेंटिमीटरचं अंतर असतं, पावणेचार लाखांच्या घरात सुमारे ३ सेंटिमीटरचं. ग्लोबल शिफ्ट (कोऑर्डिनेट्समधून ठरावीक मोठा आकडा वजा करणं) न देता फाइल उघडली की अख्खा घाट उत्तर-दक्षिण दिशेने २५-२५ सेंटिमीटरच्या पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि सरळ भिंत कंगव्याच्या दातांसारखी दिसू लागते. क्लाउडकंपेअर हे पॉइंट क्लाउडचं सॉफ्टवेअर फाइल उघडताना शिफ्टची खिडकी आपणहून दाखवतं. घाईत ती बंद करायची नाही. ईस्टिंगमधून ३,७०,००० आणि नॉर्दिंगमधून २२,१०,००० वजा करायचे, उंचीला हात लावायचा नाही. हेच आकडे कामाच्या प्रत्येक फाइलला. एका फाइलला वेगळा आकडा लागला तर पुढे जुळवाजुळवीत दिवस जातो.

दुसरी गोष्ट पीटीएक्स फाइलची. या प्रकारात बिंदू ओळी-रकान्यांच्या जाळीत लिहिलेले असतात. जिथून किरण परतलाच नाही, म्हणजे मोकळं आकाश, तिथे शून्य-शून्य-शून्य लिहून जाळीतली जागा भरलेली असते. उघड्या घाटावरच्या स्कॅनमध्ये अशा जागा लाखांनी, कधी कोटीनेही असतात. सॉफ्टवेअरने त्या वगळल्या नाहीत तर ते सगळे बिंदू स्कॅनर उभा होता त्या एका जागी रचले जातात. त्यांच्यातलं परस्पर अंतर शून्य, त्यामुळे पुढे शेजारी बिंदूंच्या अंतराची सरासरी काढताना हिशोब साफ कोलमडतो. तिपाईच्या जागी एक जाड ठिपका दिसला तर आधी तो उडवायचा.

तिसरी गोष्ट दुहेरी भिंतीची. दोन स्टेशनं नीट जुळली नसतील तर एकच भिंत दोनदा दिसते आणि वरवर पाहणाऱ्याला तो नॉइज वाटतो. जमिनीपासून मीटरभर उंचीवर २ सेंटिमीटर जाडीचा आडवा काप घ्यायचा, प्रत्येक स्टेशनला वेगळा रंग द्यायचा आणि वरून पाहायचं. रंग एकमेकांत मिसळलेले असतील तर जाडी स्कॅनरच्या नॉइजची आहे. लाल रेघ इकडे आणि निळी रेघ तिकडे दिसली तर चूक रजिस्ट्रेशनची, म्हणजे स्टेशनं जुळवण्याची, आणि ती तिथेच सुधारायची. अशा क्लाउडवर फिल्टर चालवला तर तो दोन्ही भिंती थोड्या थोड्या कुरतडतो आणि उरतं ते कुठलंच खरं नसतं.

पाणी

घाटावरचा सगळ्यात फसवा कचरा पाण्याचा. तिपाईवरचे बहुतेक स्कॅनर डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड किरण वापरतात. संथ पाण्यावर तिरका पडलेला किरण आरशावरून परततो तसा वळतो, समोरच्या देवळाला लागतो आणि त्याच वाटेने परत येतो. स्कॅनरला किरण वळल्याचं कळत नाही. तो सरळ रेषेत अंतर मोजतो आणि बिंदू पाण्याखाली मांडतो, खरा दगड पाण्याच्या जितका वर तितकाच हा खाली. परिणामी पायऱ्या, ओवऱ्या, कमानी यांची अख्खी उलटी प्रत तळाशी तयार होते. ही प्रत चांगली दाट असते, म्हणून एसओआरला तिच्यात वावगं काही दिसत नाही.

तिच्यावरचा उपाय सोपा आहे, फक्त जागेवर एक आकडा टिपलेला हवा : पाण्याची पातळी. इन्फ्रारेड किरण पाण्यात शिरून तळ मोजू शकत नाही, तेव्हा पातळीच्या खालचं जे काही आहे ते खोटं, असं बिनधास्त धरता येतं. घोळ दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे इथे वेगवेगळी कुंडं आहेत आणि सगळ्यांची पातळी सारखी नसते, म्हणून प्रत्येक कुंडाभोवती स्वतंत्र बहुभुज आखून त्यातच ती पातळी लावायची. सगळ्या क्लाउडला एकच आडवी पातळी लावली तर खालच्या अंगाच्या खऱ्या पायऱ्या कापल्या जातात. दुसरं म्हणजे गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सकाळची पातळी दुपारी राहत नाही. पातळी स्टेशनवार लिहून ठेवायची, दिवसवार नव्हे. लाटांची थरथर धरून काप पातळीच्या २ सेंटिमीटर वर घेतलेला बरा.

फरसबंदीवर साचलेल्या थारोळ्यांचंही हेच. तिथे फरशीच्या खाली छोटे छोटे उलटे तुकडे लटकलेले सापडतात. फरशीचा पृष्ठभाग बसवून त्याच्या ५ सेंटिमीटर खालचं सगळं काढायचं, पण आधी गटाराच्या जाळ्या आणि चेंबर बाजूला ठेवायचे, कारण तिथली खोली खरी असते. दुकानांच्या काचा आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट हीच करामत उभ्याने करतात. काचेमागे आणखी एक घाट दिसला तर चक्रावून जायचं कारण नाही.

ओला दगड हा वेगळा विषय. इथला काळा बेसाल्ट कोरडा असतानाही किरण कमीच परतवतो, आणि १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या स्कॅनरला ओलाव्याचा पातळ थरही पुरतो, कारण त्या तरंगलांबीचा प्रकाश पाणी झपाट्याने शोषून घेतं. कोरड्या पायरीवर सपाट प्रतल बसवलं की बिंदू दीड-दोन मिलिमीटरच्या आत बसतात. पाण्याच्या रेघेलगतच्या पायऱ्यांवर तेच दुप्पट-तिप्पट पसरतात, मध्ये छिद्रंही पडतात. इथे कमी इंटेन्सिटीचे (परतलेला प्रकाश कमी असलेले) बिंदू सरसकट काढायचा मोह टाळायचा. काळा दगड, शेवाळ आणि खरा नॉइज तिघांचीही इंटेन्सिटी कमीच असते. मग घाटाची सगळ्यात खालची पायरीच नाहीशी होते, आणि पूररेषेच्या कामाला नेमकी तीच हवी असते.

कडांमागच्या झालरी

लेझरचा किरण सुईसारखा वाटला तरी त्याला जाडी असते आणि ती अंतराबरोबर वाढते. ०.३ मिलिरेडियन फाकणारा किरण ३० मीटरवर ९ मिलिमीटरने रुंदावतो. मूळची दोन-तीन मिलिमीटरची जाडी धरली तर बोटाएवढा ठिपका झाला. असा ठिपका दीपमाळेच्या कडेवर अर्धा आणि मागच्या भिंतीवर अर्धा पडला की दोन्हीकडून प्रकाश परततो. फेज मोजणारा (अखंड किरणाच्या लाटेवरून अंतर काढणारा) स्कॅनर या दोघांची भेसळ करून मधलंच कुठलं तरी अंतर सांगतो. पल्स (प्रकाशाचे क्षणिक ठोके) सोडणारा स्कॅनर दोन परतावे वेगळे ओळखू शकतो, पण त्यांच्यात पल्सच्या निम्म्या लांबीपेक्षा जास्त अंतर असेल तरच. एका नॅनोसेकंदाच्या पल्ससाठी ही मर्यादा १५ सेंटिमीटर. शिखरावर लहान लहान शिखरांच्या रांगा असतात आणि त्यांच्यातलं अंतर बऱ्याचदा याहून कमी, म्हणून तिथे झालरी हमखास येतात.

हे बिंदू ओळखायची उत्तम जागा म्हणजे स्कॅनची मूळ जाळी. शेजारच्या रकान्यातले दोन बिंदू घ्यायचे, त्यांना जोडणारी रेषा आणि लेझरचा किरण यांच्यातला कोन काढायचा. झालरीतले बिंदू किरणाच्याच दिशेने ओळीत लागलेले असतात, त्यामुळे हा कोन अगदी लहान येतो. १० मीटरवर ६ मिलिमीटर अशा घनतेने स्कॅन केला असेल तर २० मीटरवर शेजारी बिंदूंमध्ये १२ मिलिमीटर आडवं अंतर पडतं. त्यांच्या खोलीत १५ सेंटिमीटरचा फरक असेल तर कोन साडेचार अंशांच्या आसपास. आम्ही ५ अंशांखालचं काढतो. त्यात किरणाला जवळजवळ समांतर असलेला थोडा खरा पृष्ठभागही जातो, पण इतक्या तिरक्या किरणाने मोजलेला दगड तसाही भरवशाचा नसतो आणि पुढच्या स्टेशनवरून तो समोरून मिळतो. ही कडेची चाळणी आमच्या मते सगळ्या साखळीत सर्वात मोलाची आहे, आणि सर्वात जास्त दुर्लक्षिलेलीही तीच.

अट एकच, जाळी शाबूत हवी. लॅस किंवा लॅझ या बिंदूंच्या प्रचलित फाइल-प्रकारांमध्ये ओळी-रकाने राहत नाहीत. ई५७ या दुसऱ्या प्रकारात ते राहू शकतात, पण एक्स्पोर्ट करताना तसा पर्याय निवडावा लागतो. म्हणून स्कॅन करणाऱ्याकडून जोडलेली एकच मोठी फाइल घ्यायची नाही. स्टेशनवार, जाळीसकट मागायची. नंतर मागितली तर मिळेलच असं नाही.

माणसं

रामकुंडावर माणूस नाही अशी वेळ जवळपास नसतेच. ८ मीटरवर उभ्या असलेल्या एका माणसावर या घनतेने वीस-पंचवीस हजार बिंदू पडतात, चांगले दाट आणि एकमेकांना लागून. एकटा पडलेला बिंदू हुडकणाऱ्या फिल्टरला हा कचरा कसा दिसणार? चालता माणूस आणखी मजेदार दिसतो : स्कॅनर फिरतो त्याच दिशेने तो चालला तर ताणला जातो, उलट दिशेने गेला तर आक्रसतो.

इथे उपयोगी पडते ती आरपार दिसण्याची कसोटी. जागेचे ५ सेंटिमीटरचे घन कल्पायचे. पहिल्या स्टेशनने एका घनात बिंदू नोंदवला, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेशनचे किरण त्याच घनातून आरपार जाऊन मागच्या भिंतीला लागले, तर तिथे कायमचं काही नाही. असा घन किमान दोन स्टेशनांनी आरपार पाहिलेला असेल तरच आम्ही तो काढतो. एकाच स्टेशनच्या साक्षीवर काढला तर रजिस्ट्रेशनमधल्या सेंटिमीटरभर चुकीची शिक्षा खऱ्या दगडाला होते.

या कसोटीची दोन दुखणी आहेत. फरशीला घासून जाणारे किरण फरशीच्या वरच्या घनांमधून जातात आणि जमीन खाल्ली जाते. यासाठी पृष्ठभागाशी १५ अंशांपेक्षा कमी कोन करणारे किरण मोजायचेच नाहीत आणि फरशीपासून १० सेंटिमीटरपर्यंतचे बिंदू सुरक्षित धरायचे. मग माणसं जातात आणि त्यांची पावलं तेवढी घाटावर उरतात. ती हाताने काढावी लागतात, इलाज नाही. दुसरं दुखणं दगडी जाळ्या, लोखंडी कठडे आणि तारांचं. त्यांच्यातून किरण आरपार जातोच, म्हणून कसोटी त्यांना माणूस समजते. कठडे आधीच वेगळे काढून कुलूपबंद करायचे.

छत्रीखाली दिवसभर बसून असलेले गुरुजी, फुलांच्या टोपल्या, बांधून ठेवलेली नाव हे सगळ्या स्टेशनांत त्याच जागी सापडतात, त्यामुळे या कसोटीला ते दगडाइतकेच कायमचे. ते निवडून काढायचं काम माणसाचंच. मध्यरात्रीनंतर स्कॅन केला तर गर्दी पांगलेली असते, शिवाय उन्हाचा प्रकाश नसल्याने अंतरातला नॉइजही कमी येतो. लेझरला उजेड लागत नाही. रंगांसाठी फोटो सकाळी वेगळे काढून चढवता येतात. रात्रीच्या स्कॅनची एक गंमत आहे : कबुतरं उडत नाहीत, पण कंगोऱ्यांवर रांगेने झोपलेली असतात आणि प्रत्येक स्टेशनमध्ये अगदी नक्षीचा भाग असल्यासारखी उमटतात.

आता एसओआर

इतकं झाल्यावर जो विखुरलेला कचरा उरतो त्याच्यासाठी एसओआर. प्रत्येक बिंदूचे जवळचे ठरावीक शेजारी घ्यायचे, त्यांच्या अंतराची सरासरी काढायची, सगळ्या क्लाउडची मिळून सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं, आणि त्या मर्यादेपलीकडचे बिंदू वगळायचे. क्लाउडकंपेअरमध्ये मुळात ६ शेजारी आणि १ सिग्मा (एक प्रमाण विचलन) लावलेला असतो, पीडाल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ८ शेजारी आणि २.

गोम ‘सगळ्या क्लाउडची मिळून’ यात आहे. समजा फरशीवर शेजारी अंतर सरासरी ३ मिलिमीटर आहे आणि शिखराच्या टोकाशी २५. फरशीचे बिंदू बहुसंख्य असल्याने एकूण सरासरी ५ आली आणि विचलन ६. दोन सिग्माची मर्यादा झाली १७ मिलिमीटर. म्हणजे शिखराचं टोक अख्खं हद्दपार, कारण काय तर ते दूर आहे. सब घोडे बारा टक्के. म्हणून एसओआर स्टेशनवार चालवायचा आणि प्रत्येक स्टेशनचेही अंतरानुसार पट्टे करायचे : ० ते १०, १० ते २०, २० ते ४० मीटर. ४० मीटरपलीकडचे बिंदू घाटाच्या कामात आम्ही घेतच नाही. शेजारी १२ ते १६ आणि सिग्मा २.५ ते ३ ठेवला की दगडाला सहसा धक्का लागत नाही. १ सिग्मा नक्षीकामावर कधीच नको. मेमरी पुरत नाही म्हणून क्लाउडचे तुकडे केले असतील तर प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी मीटरभर पदर ठेवायचा आणि निकालानंतर तो कापायचा. नाहीतर कडेच्या बिंदूंना शेजारी कमी मिळतात आणि तुकड्यांच्या सांध्यावर रेघा उमटतात.

क्लाउडकंपेअरमध्ये ‘नॉइज फिल्टर’ नावाचा आणखी एक पर्याय आहे. तो प्रत्येक बिंदूभोवती छोटं सपाट प्रतल बसवतो आणि त्यापासून दूर असलेले बिंदू काढतो. सपाट भिंत आणि फरशी यांच्यासाठी उत्तम. नक्षीवर मात्र तो सुक्याबरोबर ओलंही जाळतो, कारण पाकळीची धार प्रतलात बसत नाही, मग ती त्याच्या लेखी चूक ठरते. त्रिज्या ३ सेंटिमीटर ठेवून तो कोरीव खांबावर चालवला तर प्रत्येक कंगोरा गोलसर होतो. मूव्हिंग लीस्ट स्क्वेअर्ससारख्या गुळगुळीत करणाऱ्या पद्धती याच्याही पुढे जातात. त्या बिंदू नुसते काढत नाहीत, जागेवरून हलवतात. थ्रीडी प्रिंटसाठी मेश (बिंदू जोडून केलेला सलग पृष्ठभाग) करायचा असेल तर प्रतीवर खुशाल वापराव्यात. नोंदणीच्या मूळ क्लाउडवर नाही, मग मागणारा कितीही म्हणो की मॉडेल खडबडीत दिसतंय. अठराव्या शतकातला दगड खडबडीतच असणार.

काढायचं नाही, खूण करायची

वरच्या कुठल्याही पायरीवर बिंदू पुसायचे नसतात, त्यांना वर्ग, म्हणजे प्रकार सांगणारा आकडा, द्यायचा असतो. लॅस फाइलमध्ये ७ हा आकडा खालच्या नॉइजसाठी आहे आणि १.४ आवृत्तीत १८ हा वरच्या नॉइजसाठी. पीडालचा आउटलायर फिल्टरही बिंदू न पुसता त्यांना ७ देतो. १.४ च्या नव्या बिंदू-प्रकारांमध्ये ६४ पासून २५५ पर्यंतचे वर्ग वापरणाऱ्यासाठी मोकळे आहेत. आम्ही झालरींना ६४, पाण्यातल्या प्रतिबिंबांना ६५, माणसांना ६६, ध्वज-हार-तोरणांना ६७ देतो. पुढे कोणी विचारलं की कळसाजवळचे बिंदू कुठे गेले, तर कोणत्या चाळणीत गेले ते सांगता येतं आणि तेवढेच परतही आणता येतात.

याचा खरा फायदा तपासणीत दिसतो. राखलेला क्लाउड बंद करायचा आणि फक्त काढलेले बिंदू पडद्यावर आणायचे. माणसं, झालरी, विखुरलेले ठिपके दिसले तर ठीक. पण त्या काढलेल्या बिंदूंमधूनच देवळाचा आकार ओळखू येत असेल, पायऱ्यांच्या कडा रेघेरेघेने उमटल्या असतील, तर चाळणी दगड खाते आहे. कोणत्या वर्गाचा रंग तिथे जास्त आहे ते पाहून नेमकी तीच सैल करायची. ही कसोटी दहा मिनिटांची आहे आणि टक्केवारीच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगते.

सगळी स्टेशनं जोडणं आणि ५ मिलिमीटरवर विरळ करणं याच्यानंतर. आधी विरळ केलं तर खरे आणि खोटे बिंदू सारख्याच अंतरावर येतात आणि घनतेवर चालणाऱ्या फिल्टरांना धरायला काही उरत नाही. जोडल्यावर एक सौम्य एसओआर, ३ सिग्माचा, पुन्हा चालवला तरी चालतो.

ध्वज आणि विजेच्या तारांचं काय करायचं हे आधी विचारून घ्यावं. स्थापत्याची नोंद हवी असेल तर दोन्ही जातील. मिरवणुकीच्या रथाची उंची बसते का हे पाहायचं असेल तर तार हाच त्या क्लाउडमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमकी ती एसओआरमध्ये सर्वांत आधी उडते, कारण तिच्या बिंदूंना शेजारी दोनच दिशांना असतात. अशा कामात तारा एसओआरच्या आधी हाताने निवडून १४ क्रमांकाच्या वर्गात टाकायच्या. लॅस १.४ मध्ये तो तारांसाठीच राखलेला आहे.